नोंद आणि शोध : विनायक लक्ष्मण भावे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील जुनी तालिकापत्रे संगणकावर चढविण्याचे काम निघाले. 'कमवा आणि शिका' योजनेतील आम्हा चौघांकडे ते आले. ज्यांनी ही पत्रे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : पाच इंच लांब आणि तीन इंच रुंद असा जाड कागदाचा तुकडा, त्याच्या खालच्या कडेला मधोमध भोक, त्या भोकांतून ओवलेली सळई, आणि अशा शेकडो पत्रांनी भरलेले लाकडी खण. प्रत्येक पत्रावर एका पुस्तकाची कुंडली : ग्रंथकार, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे. ती सगळी उतरवून घ्यायची तर एका पत्राला पाच-सात मिनिटे सहज लागत. हिशेब मात्र माणशी रोज १०० पत्रांचा ठरला होता, कारण महाविद्यालय उघडण्यापूर्वी सारे खण संपायला हवे होते.

पहिले दोन दिवस माझी मजल ६० च्या पुढे गेली नाही. तिसऱ्या दिवशी एक युक्ती सुचली. ग्रंथकाराचे आडनाव पूर्ण लिहायचे आणि पुढे नावाचे केवळ एक आद्याक्षर. आवृत्तीचा रकाना रिकामाच ठेवायचा. त्या दिवशी मी ११० पत्रे हातावेगळी केली आणि कल्याणहून डोंबिवलीला परतताना गाडीत उभ्याउभ्या स्वतःवरच खूष झालो.

जुलैत त्या युक्तीला फळ आले. आमच्या वर्गातील एका मुलीला 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथावर टिपण लिहायचे होते. तिने ग्रंथालयाच्या संगणकावर शोध घेतला. तेथे 'भावे, वि.' या नावाखाली 'गीताई', 'गीता प्रवचने' आणि 'महाराष्ट्र सारस्वत' अशी तीन पुस्तके हारीने उभी होती. तिने साहजिकच सारस्वताचे कर्तृत्व आचार्य विनोबांना बहाल केले, आणि भूदानाच्या पदयात्रांतून वेळ काढून त्यांनी मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला याबद्दल कौतुकाच्या दोन ओळीही घातल्या. टिपण वर्गात वाचले गेले तेव्हा हशा पिकला. ती खाली मान घालून बसली होती. मी मागच्या बाकावर होतो आणि तोंड वर करण्याची माझीही छाती होत नव्हती.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. सारस्वतकारांचे नाव विनायक लक्ष्मण भावे. दोघेही जुन्या कुलाबा जिल्ह्याचे. एक गागोद्याचे, दुसरे पळस्प्याचे. दोघांच्या जन्मांत सुमारे २४ वर्षांचे अंतर. जुन्या पत्रांवर कोणा अज्ञात लिपिकाने ही नावे वळणदार अक्षरात पूर्ण लिहून ठेवली होती. ती तोडणारा मी. तास संपल्यावर मी त्या मुलीपाशी आणि मग ग्रंथपाल बाईंपाशी चूक कबूल केली. बाई रागावल्या नाहीत. नोंद दुरुस्त करण्याआधी, जिची नोंद चुकली त्या व्यक्तीची नीट ओळख करून घ्यावी, एवढेच त्यांनी सुचविले. ती ओळख करून घेण्यासाठी रविवारी ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि हळूहळू ध्यानात आले की माझ्या १०० पत्रांचा पेच या गृहस्थांपुढे फार मोठ्या रूपात जन्मभर उभा होता.

पळस्पे म्हटले की आपल्याला पनवेलजवळचा फाटा आठवतो. तेथून एक वाट पुण्याकडे आणि एक गोव्याकडे वळते. त्या पळस्प्यात ६ नोव्हेंबर १८७१ रोजी विनायकरावांचा जन्म झाला. शिक्षण ठाण्यात आणि मुंबईत झाले. १८९५ साली ते बी. एस्सी. झाले. प्राचीन मराठी वाङ्मयाचा पहिला विस्तृत इतिहास लिहिणाऱ्या माणसाने पदवी घेतली ती शास्त्र शाखेची, ही गोष्ट कला शाखेच्या आपण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पोटापाण्याचा व्यवसाय मिठाचा. म्हणजे हातात शास्त्राची पदवी, व्यवहारात मीठ आणि डोक्यात पोथ्या, असा हा संसार होता.

पदवी पदरात पडण्याच्याही आधी, १८९३ साली, एकवीस-बावीस वर्षांच्या या तरुणाने काही स्नेह्यांच्या साहाय्याने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. या भागात तोवर वाचनाची हवा नव्हती असे मुळीच नाही. आगगाडी ठाण्याला १८५३ मध्ये आली होती, ठाण्यातून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र १८६६ पासून निघत होते, आणि कल्याणला तर १८६४ मध्येच सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले होते. परंतु वाचनालय आणि संग्रहालय यांत फरक आहे. वाचनालय आजच्या वाचकाला काय हवे ते पाहते. संग्रहालयाला उद्या कोण येईल आणि काय मागेल हे ठाऊक नसते. म्हणून त्याला सगळेच जपावे लागते. मराठी ग्रंथ म्हणून जे जे आहे ते एका छपराखाली आणायचे, हा त्या नावातच सामावलेला संकल्प होता.

संकल्प करणे सोपे. पण सगळे म्हणजे किती, हे कोणाला ठाऊक होते? १८६७ च्या कायद्यान्वये छापखान्यांना नव्या पुस्तकाच्या प्रती सरकारात द्याव्या लागत, आणि सरकार दर तिमाहीला त्यांची यादी प्रसिद्ध करी. ग्रंथनाम, लेखक, छापखाना, पृष्ठे, प्रतींची संख्या, किंमत, सारे काही तीत असे. झटपट केलेल्या नोंदीचा तो एक चांगला नमुना म्हणता येईल. पण जे सरकारात पोचले नाही ते यादीत नाही, आणि कायद्यापूर्वी छापलेले तर नाहीच. हस्तलिखित पोथ्यांची कथा आणखी निराळी. त्या मठांत, देवघरांत, माळ्यांवर, फडक्यांत बांधून पडल्या होत्या. कोणी त्यांची पूजा करीत होते, कोणी त्यांना वाळवी लागू देत होते. यादी मात्र कोणाजवळच नव्हती.

आणि यादी करायची म्हटले तरी नावांचा घोटाळा पाचवीला पुजलेला. जुने कवी आडनाव लावीत नसत. एकच नाव दोघातिघांचे असे. संत नामदेव आणि त्यांच्या पुष्कळ नंतरचा विष्णुदासनामा यांच्या रचना एकमेकांत मिसळल्या होत्या. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव एकच की दोन, असा वाद 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपस्थित केला, तो याच वर्षांत. माझ्यापुढे दोन विनायक होते आणि त्यांची पूर्ण नावे पत्रांवर लिहिलेली होती. भाव्यांपुढे असे कितीतरी विनायक होते आणि पत्रच नव्हते.

अशा स्थितीत १८९८-९९ च्या सुमारास भाव्यांनी आपला महाराष्ट्र सारस्वत हा निबंध विष्णु गोविंद विजापूरकरांच्या 'ग्रंथमाला' या मासिकातून प्रसिद्ध केला. सारस्वत म्हणजे येथे सरस्वतीचा प्रपंच, वाङ्मय; ज्ञातीशी त्याचा संबंध नाही. त्यांचे वय तेव्हा अवघे सत्तावीस. मराठी कवींची परंपरा सलगपणे मांडण्याचा हा प्रयत्न करताना आपल्या हाती सगळे आलेले नाही, हे त्यांना उमगले नसेल असे मानणे कठीण आहे. ग्रंथसंग्रहालय चालविणाऱ्या माणसाला काय नाही ते आधी दिसते. ते थांबू शकले असते. आणखी दहा वर्षे, आणखी हजार पोथ्या, मग लिहू, असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे कमी झाले नाहीत आणि त्यांची टाचणे त्यांच्याबरोबरच गेली. भाव्यांनी हाती होते तेवढे मांडले.

मात्र मांडून ते मोकळे झाले नाहीत, आणि येथेच त्यांचे वेगळेपण आहे. १९०३ मध्ये त्यांनी 'महाराष्ट्र कवि' हे मासिक सुरू केले. त्याचा हेतू जुन्या कवींच्या अप्रकाशित रचना मुळातून छापण्याचा. कवीचे नाव नोंदवायचे आणि त्याचे काव्य मात्र फडक्यातच ठेवायचे, हे त्यांना पटले नसावे. यादीतील एकेक ओळ मागे उभ्या असलेल्या ग्रंथाशी ताडून पाहण्याची ही रीत होती. वर्गणीदारांच्या बळावर असे मासिक फार काळ चालणे अवघडच होते. काही वर्षांनी ते थांबले. पण तेवढ्या अवधीत पुष्कळ काव्य माळ्यावरून खाली आले.

यानंतर त्यांच्या आयुष्यातला सर्वांत नाट्यमय भाग येतो. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाचे ग्रंथ त्या पंथाने सांकेतिक लिप्यांत लिहून जपले होते. सकळ, सुंदरी अशी त्या लिप्यांची नावे. एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर किंवा चिन्ह योजायचे, अशी त्यांची साधारण घडण. शतकानुशतके या पोथ्या महाराष्ट्रातच होत्या, पण पंथाबाहेरच्या माणसाला त्या उघडूनही वाचता येत नव्हत्या. तालिकाकाराच्या दृष्टीने विचार करा : ग्रंथ समोर आहे, पाने मोजता येतात, लांबी-रुंदी घेता येते; ग्रंथनाम आणि ग्रंथकार हे दोन रकाने मात्र कोरे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इतिहासाचार्य राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीमुळे या लिप्यांची किल्ली हाती आली आणि मराठीचे एक अख्खे दालन उघडले. दामोदर पंडित, नरेंद्र, भास्करभट्ट बोरीकर ही आज आपल्या अभ्यासक्रमातली नावे सर्वसामान्य मराठी वाचकाला माहीत झाली ती त्यानंतर.

आता पहिला निबंध अपुरा ठरला होता. प्रतिष्ठा मिळालेल्या लेखकाला आपलाच ग्रंथ अपुरा ठरलेला पाहणे सोसत नाही. भाव्यांनी १९१९ मध्ये सारस्वताची पुष्कळ वाढविलेली दुसरी आवृत्ती काढली. मासिकातल्या निबंधाचा आता भरघोस ग्रंथ झाला होता, आणि महानुभावांना त्यात त्यांचे स्थान मिळाले होते. पुढे १९२४ मध्ये त्यांनी महानुभावांच्या कवींची आणि काव्यांची एक सूचीच प्रसिद्ध केली. पोथ्यांचा इतका मोठा साठा एकट्याने वाचून संपणे शक्य नव्हते. निदान कोण कवी, कोणते काव्य, एवढे तरी पुढच्या अभ्यासकाच्या हाती द्यावे, असे तिचे स्वरूप. मोठा ग्रंथ लिहून झालेल्या माणसाने वयाच्या पन्नाशीनंतर पुन्हा यादी करायला बसावे, याचे मला फार अप्रूप वाटले. याच काळात 'मराठी दप्तर' या नावाने इतिहासाची साधने रुमालारुमालाने छापण्याचे त्यांचे कामही चालू होते; पहिला रुमाल १९१७ चा. सप्टेंबर १९२६ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

सारस्वतात चुका नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पुढच्या संशोधकांनी त्यातले काळनिर्णय बदलले, कर्तृत्वाचे प्रश्न नव्याने सोडविले. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' छापून सर्वांपुढे आले ते भाव्यांच्या निधनानंतर, हरि नारायण नेने यांच्या संपादनातून. १९५१ मध्ये सारस्वताची आवृत्ती निघाली तेव्हा शं. गो. तुळपुळे यांनी तिला पुरवणी जोडली. मला या पुरवणीत भाव्यांच्या पद्धतीचा गौरवच दिसतो. ज्या कामाला पुरवणी जोडता येते ते काम जिवंत राहते. घाईने बंद केलेल्या कामाला पुरवणी जोडता येत नाही. ते मोडून नव्याने करावे लागते.

याचे एक उदाहरण विलायतेत घडले आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांना ग्रंथालयाची छापील सूची लवकर हवी होती. तेथील ग्रंथपाल अँटोनिओ पानिझी याने ९१ नियम बांधले होते. पण सगळ्या ग्रंथांची नोंद पुरी होण्याआधी अक्षरवार छपाई सुरू करू नये, असा त्याचा आग्रह होता. तो मोडून १८४१ मध्ये 'ए' या अक्षराचा खंड छापला गेला. पुढच्या अक्षरांच्या नोंदी करू लागल्यावर 'ए'खाली जायला हवी अशी पुस्तके निघतच राहिली, आणि ती छपाई तेथेच थांबली. लवकर करणे हा तेथे दोष नव्हता. अपुऱ्या कामाला पुरे झाल्याचा शिक्का मारणे हा दोष होता.

याउलट सावकाशीचे थोर उदाहरण आपल्याकडेच आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९३८ ते १९५० या तेरा वर्षांची सूची निघायला १९६१ साल उजाडले. मराठीचा कोणताही संशोधक आजही दात्यांच्या सूचीवाचून पाऊल टाकीत नाही. पण दात्यांसारखे काम उभे राहायला आधी कोणीतरी पुस्तके एका जागी जमविलेली असावी लागतात. ती सोय ज्यांनी केली त्यांत ठाण्याच्या या मीठवाल्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

मीठ म्हटल्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांविषयी मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. वाफ्यात पाणी घ्यायचे, ऊन त्याला आटवते, आणि मीठ धरू लागले की ते ओढून काठावर रास करायची. फार लवकर ओढले तर हाती पाणीच जास्त लागते. फार थांबले तर पाण्यातले दुसरे क्षार उतरू लागतात आणि मीठ कडू होते. शिवाय एकदा ओढले म्हणजे मिठागर संपले असे नाही. पुन्हा पाणी घ्यायचे, पुन्हा थांबायचे. भाव्यांनी हा दृष्टान्त कोठे दिल्याचे माझ्या वाचनात नाही. तो माझा आहे. पण १८९८ चा निबंध, १९१९ चा ग्रंथ आणि १९२४ ची सूची या तीन राशी पाहिल्या की मला तो माणूस वाफ्याच्या बांधावर उभा असलेला दिसतो.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघे पुन्हा खणांपाशी बसलो. बाईंनी एक पुस्तक दाखविले. चार्ल्स कटर नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्येच लहान, मध्यम आणि पूर्ण अशी नोंदीची तीन मापे सांगून ठेवली आहेत. म्हणजे नोंद लहान करणे हे पाप नाही. मग लहान म्हणजे काय, हे आम्ही आमच्यापुरते ठरविले. ग्रंथकाराचे नाव पूर्ण, ग्रंथनाम पूर्ण, आवृत्ती आणि वर्ष. यांत कसूर नाही. पृष्ठे, आकार, मालेचे नाव मागाहून. जेथे शंका आहे तेथे अंदाज न लिहिता 'तपासणे' असा शेरा द्यायचा, म्हणजे पुढे येणाऱ्याला काम कोठे थांबले ते कळेल. टोपणनाव असेल तर मूळ नावाकडून तिकडे वाट दाखवायची. ठाण्याचे कवी पी. सावळाराम यांना निवृत्ती रावजी पाटील या नावाने शोधणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही. रंगनाथनांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. मी सुट्टीत वेळ वाचविला होता तो माझा, आणि त्याची किंमत एका वाचकाने भर वर्गात मोजली.

या रीतीने माझी रोजची मजल ७० पत्रांवर स्थिरावली. काम जूनमध्ये संपायचे ते दिवाळीपर्यंत लांबले, आणि त्याबद्दल आम्हाला दोन शब्द ऐकूनही घ्यावे लागले. 'भावे' या आडनावाचा खण मी स्वतः मागून घेतला. त्यात विनायक लक्ष्मण आणि विनायक नरहरी आता आपापल्या जागी आहेत. आमच्या डोंबिवलीचे पु. भा. भावे तेवढे पहिल्या खेपेसही सुरक्षित होते. त्यांना त्यांच्या आद्याक्षराने वाचविले होते, मी नव्हे.

त्या मुलीने आपले टिपण पुन्हा लिहिले. या वेळी त्यात पळस्पे होते, १८९३ होते, महानुभावांची लिपी होती. तिने ते प्राध्यापकांकडे देण्याआधी मला वाचायला दिले. मी त्यात एक सनाची चूक काढली. तिने माझ्या संगणकातील नोंदींत दोन काढल्या. त्या दोन्हींपुढे 'तपासणे' हा शेरा आधीच होता, एवढेच माझे समाधान. आपणा सर्वांना विनंती अशी की, ग्रंथालयात एखादी नोंद खटकली तर हसून पुढे जाऊ नका. खिडकीपाशी येऊन सांगा. आम्ही ती दुरुस्त करू.